श्वास कुठून जाणार, ते आधी विचारा

पुलाच्या मधोमध मला दिसेनासं झालं. एकदम नाही. आधी चष्म्याच्या खालच्या कडेला वाफ धरली, मग ती वर चढली आणि पुसायला हात जाईपर्यंत तिचा बर्फ झाला. दोन्ही भिंगांवर पांढरी नक्षी. हेल्मेटची काच वर करावी तर डोळ्यांत वारा, खाली ठेवावी तर समोर नुसता दुधाळ पडदा. गाडी कडेला घेतली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि नखाने चष्मा खरवडत बसले. मागून आलेल्या दोन गाड्या मला वळसा घालून पुढे गेल्या. त्यातल्या एकाने अंगठा वर करून 'ठीक ना?' असं खुणेनेच विचारलं. मीही मान डोलावली. आपल्याकडे कुणी विचारलं की 'ठीक' म्हणायचीच सवय असते.

हे घडलं मिशिगन राज्याच्या पार वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ नावाच्या द्वीपकल्पावर. हॉटन आणि हॅन्कॉक ही दोन गावं पाण्याच्या अलीकडे-पलीकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये १९५९ सालचा उचलता पूल आहे. वरच्या मजल्यावरून मोटारी जातात. खालच्या मजल्यावरून एके काळी आगगाडी जायची. आता रूळ गेले आणि हिवाळ्यात त्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबाईली जातात. इथे पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे स्लेड म्हणतात. तुम्ही गुलमर्गला किंवा सोलंगला गेला असाल तर स्नो बाईक, स्नो स्कूटर अशा नावांनी तीच गाडी पाहिली असेल: पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा.

मी मूळची पुण्याची. गेली २२ वर्षं इथे राहते. इथे वर्षाला सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. १९७८-७९च्या हिवाळ्यात कीविनॉ काउंटीत ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे जवळजवळ १० मीटर. त्याची आठवण म्हणून हमरस्त्याच्या कडेला भलीमोठी मोजपट्टी उभी केली आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्यासमोर फोटो काढतो. अशा गावात स्लेड ही चैन आहे तशी सोयही आहे.

तर त्या संध्याकाळी माझ्या अंगावर काय होतं ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. हेल्मेट उत्तम होतं, महाग होतं, मागे सरकारी मानकाचा शिक्का होता. चेहऱ्यावरचा मास्क उत्तम होता, जाड, वारा आत न येऊ देणारा. चष्मा नवा, धातूच्या नाजूक काड्यांचा. तिन्ही वस्तू तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या दुकानांतून, प्रत्येक वेळी 'यापेक्षा चांगलं नाही' असं ऐकून घेतलेल्या. आणि तिन्ही मिळून मला आंधळं केलं. मास्क इतका घट्ट विणीचा होता की श्वास त्यातून बाहेर जाईना. तो नाकाच्या बाजूने वर, थेट चष्म्यामागे. हेल्मेटची काच बंद, त्यामुळे तिथून पुढे त्याला वाट नाही. थंड भिंगावर ओलसर, गरम श्वास. दुसरं काय होणार?

२०२० साली ज्यांनी चष्म्यावर मास्क घातला त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. भाजीवाल्यासमोर उभं राहून चष्मा पुसणारे आपण सगळे तेव्हा हाच धडा शिकत होतो. फरक एवढाच की मंडईत वाफ पुसता येते. उणे १८ अंशांत ती पुसायच्या आत गोठते आणि तुम्ही तेव्हा ताशी ६० किलोमीटरने जात असता.

म्हणून माझं मत असं आहे की बर्फात हेल्मेट, गॉगल आणि मास्क या तीन वस्तू नाहीतच. ती एकच वस्तू आहे आणि तिची निवड डोक्यापासून नव्हे, नाकापासून सुरू करावी. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न मापाचा नाही, रंगाचा तर नाहीच. पहिला प्रश्न: मी सोडलेला श्वास कुठून बाहेर जाणार?

हा प्रश्न या गाडीच्या जन्माच्या वेळी नव्हता, ही गंमत मला फार उशिरा कळली. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात गेला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही. त्यानंतर त्यांनी बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास घेतला आणि १९३७ साली जी गाडी आणली ती सात माणसांची, चारी बाजूंनी बंद. आत बसायचं, कोट घालून, टोपीसुद्धा काढून ठेवली तरी चालेल. उघड्या गाड्या त्याआधीही कुणी कुणी बनवल्या होत्या, पण घरोघरी पोचली ती याच बोंबार्डिएंची १९५९ सालची स्की-डू. हलकी, उघडी, चालवणाऱ्याचं तोंड थेट वाऱ्यात. आजार्‍याला दवाखान्यात नेण्यासाठी सुरू झालेलं काम शेवटी हौसेच्या गाडीपर्यंत आलं आणि तोंड झाकायची जबाबदारी गाडीकडून आपल्याकडे आली.

वाऱ्याचा हिशेब एकदा मनाशी करून ठेवावा. हवा उणे १० असेल आणि तुम्ही ताशी ६०ने जात असाल तर उघड्या कातडीला ती उणे २३सारखी लागते. हवा उणे २० असेल तर उणे ३६. या दुसऱ्या थंडीत उघडं राहिलेलं नाक किंवा गाल अर्ध्या तासाच्या आत गोठू शकतो, कधी कधी दहा मिनिटांतही. गोठलेली जागा दुखत नाही, हाच त्यातला धोका. आधी टोचतं, झोंबतं, मग एकदम बरं वाटतं. बरं वाटलं की समजावं, काहीतरी बिघडलं. गोऱ्या माणसाच्या गालावर पांढरा डाग लगेच उठून दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो राखाडी, मेणचट दिसतो आणि बरोबरच्या इथल्या माणसाला कळतच नाही. म्हणून मी थांब्यावर उतरले की नवऱ्याला आधी म्हणते, 'माझं नाक बघ.' लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एकमेकांकडे एवढं निरखून बघायची ही एकच संधी उरली आहे.

आता हेल्मेट. पुणेकराने हेल्मेटवर लिहावं म्हणजे जरा जपूनच लिहावं लागतं. मी कॉलेजात असताना लूना चालवायचे आणि नंतर स्कूटी. हेल्मेट एकदाच घेतलं, ते डिकीत राहिलं. आमच्या घरी सक्तीला विरोध हा जवळजवळ कुळाचार होता. २०१९च्या जानेवारीत पुण्यात पुन्हा सक्ती झाली आणि पुन्हा मोर्चे निघाले तेव्हा फोनवर बाबा मला तीच जुनी यादी ऐकवत होते: ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही, मान दुखते, घाम येतो, केस गळतात. मी पूर्वी यावर हसायचे. आता हसत नाही. कारण इथे माझ्या लक्षात आलं की या यादीतल्या निम्म्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या हेल्मेटच्या नाहीत, मापात न बसणाऱ्या हेल्मेटच्या आहेत. सैल हेल्मेट वाऱ्यात डगमगतं आणि मान धरते. पुढे घसरतं आणि दिसत नाही. आपण चप्पल घेताना चार जोड घालून, दुकानात फेऱ्या मारून बघतो. हेल्मेट मात्र फुटपाथवरच्या ढिगातून उचलतो आणि पट्टासुद्धा न लावता 'बसतंय' म्हणतो.

इथल्या कायद्याचाही एक विनोद आहे. २०१२ साली मिशिगनने २१ वर्षांवरच्या मोटरसायकलवाल्यांना विम्याची अट घालून हेल्मेटपासून मोकळीक दिली. स्लेडवाल्यांना दिली नाही. स्वतःच्या जमिनीबाहेर पडलात की हेल्मेट हवंच. म्हणजे जुलैमध्ये जो माणूस केस उडवत मोटरसायकलवर जातो, तोच जानेवारीत मुकाट्याने डोकं झाकतो. त्याला कायद्याची भीती असते असं मला वाटत नाही. कान गोठतात, एवढंच.

गेल्या वर्षी माझा भाचा इथल्या विद्यापीठात शिकायला आला. पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात म्हणाला, "मावशी, मला हेल्मेट घ्यायचंय, मी ठरवलंय कुठलं." फोन पुढे केला. मोटोक्रॉसवाल्यांचं असतं तसं: पुढे लांब चोच, हनुवटीपाशी टोकदार, डोळ्यांपाशी मोकळं, त्यावर वेगळा गॉगल. दिसायला देखणं, यात वाद नाही.

"हा व्हिडिओ कुठला आहे?" मी विचारलं.

"कोलोराडो."

"तिथे हा माणूस काय करतोय बघ. डोंगरउतारावर, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात, उभ्याने गाडी वळवतोय. वेग किती? फार नाही. घाम किती? भरपूर. त्याला वारा हवाय. तू इथे जुन्या रेल्वेच्या सरळ रस्त्यावरून दोन-दोन तास बसून जाणार. तुला वारा नकोय."

त्याला पटलं नाही. दुकानात गेल्यावर त्याने तेच आधी उचललं. दुकानातल्या बाई पन्नाशीच्या, या कामात मुरलेल्या. त्यांनी वाद घातला नाही. शिंप्याची असते तशी टेप काढली, भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवली. ५८ सेंटिमीटर. मग डोक्याकडे वरून बघितलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही नवल वाटलं होतं. कुणाचं डोकं वरून गोल असतं, कुणाचं लांबट. माप तेच असलं तरी गोल डोक्यावर लांबट हेल्मेट कानांपाशी आवळतं आणि कपाळापाशी सैल राहतं. भाच्याचं डोकं लांबट निघालं. त्या देखण्या हेल्मेटची पोकळी गोल.

"घाला," बाई म्हणाल्या, "आणि पंधरा मिनिटं दुकानात हिंडा."

सातव्या-आठव्या मिनिटाला त्याचा हात कपाळाकडे जायला लागला. काढल्यावर भुवयांच्या मधोमध नाण्याएवढा लाल वण. दोन तासांच्या प्रवासात त्या वणाचं डोकेदुखीत रूपांतर झालं असतं आणि मग त्याने हेल्मेट सैल करून मागे सरकवलं असतं. हेल्मेट सैल सोडलं की ते पडताना डोक्याआधी निघून जातं.

दुसरं हेल्मेट घातल्यावर त्याचे गाल पुरीसारखे फुगले. "मावशी, हे फार घट्ट आहे." मी म्हटलं, बोल, शब्द नीट निघतोय ना? मग ठीक आहे. गालांची गादी महिन्याभरात दबते. बाईंनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं. त्याच्या कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली. पट्टा लावून मागून वर ढकलून बघितलं. निघालं नाही. एवढी तपासणी पुण्यातसुद्धा दोन मिनिटांत करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. एक सूचना बायकांसाठी: केसांचा अंबाडा किंवा क्लचर लावून हेल्मेट मापू नये. वेणी खाली, मानेवर. क्लचर आत असला की हेल्मेट अर्धा इंच वर बसतं आणि पडल्यावर तोच क्लचर कवटीत घुसतो.

आत काय असतं ते भाच्याला ठाऊक नव्हतं. मी अस्तर बाजूला करून दाखवलं: थर्माकोल. गणपतीच्या मखरासाठी ज्याच्यावर आपल्याकडे बंदी आली तेच, फक्त जास्त घट्ट दाबलेलं. आदळल्यावर ते चिरडतं आणि चिरडताना धक्का स्वतः घेतं. एकदा चिरडलं की परत फुगत नाही. म्हणून मोठ्या आदळआपटीनंतर बाहेरून धड दिसणारं हेल्मेटही टाकून द्यायचं. आणि म्हणूनच दुसऱ्याचं जुनं हेल्मेट, कितीही प्रेमाने दिलेलं असलं तरी, घेऊ नये. त्याने काय काय सोसलंय ते आपल्याला कळत नाही.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत डीओटीचा शिक्का हेल्मेट बनवणारा स्वतःच लावतो, सरकार नंतर बाजारातले काही नमुने उचलून तपासतं. युरोपच्या ईसीईला आधी बाहेरची तपासणी लागते. स्नेल ही खाजगी संस्था १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेलेल्या पीट स्नेल यांच्या नावाने उभी राहिली, तिच्या कसोट्या आणखी कडक. भारतात १ जून २०२१पासून दुचाकीसाठी आयएसआयचं हेल्मेटच विकता येतं, असं कागदावर आहे. स्कीसाठीचं हलकं हेल्मेट मात्र इंजिनाच्या गाडीवर चालत नाही, ते त्या वेगासाठी केलेलंच नसतं.

मग श्वास. इथे खरी गुंतागुंत आहे आणि दुकानदार इथेच घाई करतात. बर्फासाठी केलेल्या पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये नाकावर बसणारा एक मऊ रबरी पडदा असतो, ब्रेथ बॉक्स म्हणतात त्याला. नाकाच्या दोन्ही बाजूंना तो नीट चिकटला की सोडलेला श्वास खाली, हनुवटीकडे जातो, वर डोळ्यांकडे नाही. आपल्या नाकांची ठेवण इथल्या नाकांपेक्षा वेगळी असू शकते, त्यामुळे हा पडदा घालून बघितल्याशिवाय घेऊ नये. मला तीन वेगवेगळे बसवून बघावे लागले. तिसरा बसला तेव्हा काच बंद करून दुकानाच्या फ्रीजसमोर उभं राहून मी दहा वेळा जोरात श्वास सोडला. लोक बघत होते. बघू देत.

काच दुहेरी हवी, मध्ये हवेचा थर असलेली. इथल्या घरांच्या खिडक्या अशाच असतात, त्यामुळे आतल्या काचेला बाहेरची थंडी लागत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे विजेवर तापणारी काच. हेल्मेटमधून एक वायर निघते आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या जोडणीला लागते. त्या वायरीची पिन पाहून मला हसू आलं, कारण ती ओळखीची होती. आपल्या जुन्या व्हीसीडी प्लेअरला लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना असायच्या ना, तीच. नुसती ढकलून बसवायची आणि पडलात तर आपोआप सुटते, मान गाडीला बांधलेली राहत नाही. चष्मेवाल्यांनी पैसे कुठे खर्च करायचे असं मला विचाराल तर इथे. रंग, चोच, आवाज येणारं ब्लूटूथ, सगळं सोडा. पण तापलेली काच फक्त स्वतःला साफ ठेवते, आतल्या चष्म्याला नाही. त्यासाठी तो रबरी पडदाच लागतो. पुलावर मी हेच विसरले होते. आता चष्माही प्लास्टिकच्या काड्यांचा वापरते. धातू थंडी थेट नाकाच्या हाडावर आणून ठेवतो.

ज्यांना गॉगलच हवा त्यांनी गॉगल हेल्मेटमध्ये बसवून बघावा, नुसता हातात धरून नव्हे. गॉगलच्या वरची कड आणि हेल्मेट यांच्यात बोटभर कपाळ उघडं राहिलं की तेवढीच पट्टी गोठते. अलास्कातल्या आयर्न डॉग नावाच्या शर्यतीत, जी १९८४पासून चालू आहे, स्पर्धक चेहऱ्याच्या असल्या उघड्या जागांवर चक्क चिकटपट्टी लावतात. गॉगल कपाळावर चढवून ठेवायची सवय तर सोडावीच, कपाळाच्या घामाने तो आतून भिजतो. आणि आतून पुसू नये. आतल्या बाजूला वाफ न धरणारा लेप असतो, ओल्या हातमोज्याने एकदा घासला की गेला. झटकावं, टिपावं, नाहीतर खिशात दुसरा कोरडा गॉगल ठेवावा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: काळी काच फक्त लख्ख उन्हात. ढगाळ दिवशी इथे जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, खड्डा आणि उंचवटा कळत नाही. तेव्हा पिवळी किंवा गुलाबी छटा लागते. रात्री पारदर्शक. एकच घ्यायचा असेल तर फिकट पिवळा घ्या. छटा फिकट असो वा गडद, अतिनील किरण अडवणारी काच मात्र हवीच. काळेपणा आणि किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोळ्यांचं हे दुखणं नवं नाही. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक कितीतरी शतकांपासून हाडाचे, शिंगाचे, लाकडाचे गॉगल कोरत आले. त्यांना काच नाहीच, फक्त आडवी बारीक फट. फट असल्यामुळे बर्फावरून उसळणारा उजेड बराचसा बाहेर राहतो आणि वाफ धरायला काचच नाही. मी एका संग्रहालयात पाहिला तेव्हा मला माझ्या सहाशे डॉलरच्या हेल्मेटची लाजच वाटली.

राहिला मास्क. मराठी माणसाला हा शिकवायला नको, आपण तो पिढ्यान्‌पिढ्या वापरतो: माकडटोपी. पुण्यात पारा १२वर आला की पर्वतीवर चाललेल्या आजोबांच्या डोक्यावर जी असते ती. इंग्रजीतलं तिचं नाव क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लावा गावावरून पडलं, १८५४ साली तिथे लढाई झाली होती. आईने माझ्यासाठी एक विणून पाठवली होती, जाड तपकिरी लोकरीची. ती घालून हेल्मेट डोक्यात जाईचना. आईला अजून सांगितलेलं नाही. दारातला बर्फ फावड्याने काढताना मी ती घालते, तिथे तिला तोड नाही. हेल्मेटच्या आत मात्र पातळ हवी, रेशमाची, मेरिनो लोकरीची किंवा पातळ पॉलिएस्टरची. सुती अजिबात नको. सुती कापड श्वासाने भिजतं, भिजलेलं राहतं, आणि भिजलेलं कापड गालावर गोठलं की कापड नसतं तर बरं झालं असतं असं होतं. शिवाय हेल्मेटचं माप ती टोपी घालूनच घ्यावं. आणि मफलर नको. ज्यांनी स्कूटरच्या चाकात ओढणी अडकलेली पाहिली आहे त्यांना कारण विचारावं लागणार नाही.

रात्री हेल्मेट घरात आणायचं, अस्तर उलटं करून वाळवायचं. गॅरेजात राहिलं तर दिवसभराचा श्वास अस्तरात गोठतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मैलातच काचेवर येतो.

हे सगळं मराठी वर्तमानपत्रात कशाला, असं कुणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी भारतात आले होते तेव्हा ताई, भाऊजी आणि मुलांबरोबर गुलमर्गला गेले. स्नो बाईकच्या रांगेत मराठी कानांवर पडत होतं, एक तर पलूसची अख्खी भिशी आली होती. हेल्मेट होतं. एकाच मापाचं, पट्ट्याचं बक्कल तुटलेलं, आणि आतून आधीच्या आठ-दहा डोक्यांनी ओलं. मुलीच्या डोक्यावर ते कोळशाच्या घमेल्यासारखं फिरत होतं. मी विचारलं, लहान माप आहे का? तो पोरगा हसून म्हणाला, "मॅडम, पाच मिनिट की राइड है." पाच मिनिटांत माणूस पडू शकत नाही असं थोडंच आहे?

भाऊजींनी दिवसभर फोटोंसाठी गॉगल काढून डोक्यावर चढवून ठेवला होता. गुलमर्ग अडीच हजार मीटरांहून उंच आहे. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्के वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे टोपीची झालर असूनही ऊन खालून डोळ्यांत. रात्री अकरा वाजता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, दिवा सहन होईना. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले, पुढचं सोनमर्ग त्यांच्याशिवाय झालं. डोळे पूर्ण बरे झाले. पण फोटोत ते हसतायत आणि गॉगल टोपीवर चमकतोय, ते बघून ताई अजून त्यांना टोमणे मारते.

सहल काढणाऱ्या मराठी कंपन्यांना माझं एक सांगणं आहे. तुम्ही गुलमर्गला पुरणपोळी खाऊ घालता, याचं कौतुक आहे. त्याच सामानात तीन मापांची सहा हेल्मेटं आणि डझनभर गॉगल नेता येतील. आणि प्रवाशांना सांगते: पैसे देण्याआधी विचारा, हेल्मेट कुठल्या मापात आहे? माझ्या डोक्याला बसेल का? नसेल तर उतरा, घोड्यावर बसा, गोंडोलात बसा.

घरात शिवणाची टेप असेलच. निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचं माप घ्या, फोनमध्ये लिहून ठेवा आणि बॅगेत पातळ माकडटोपी टाका. माझं माप ५५ आहे. भाच्याने शेवटी काळं, साधं, वायर असलेलं हेल्मेट घेतलं.